एकही गोळी न झाडलेल्या परवानाधारकाने नाशिकमध्ये शिकायचं कुठे?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंपळगावला कांद्याचा व्यापार, रोख घेऊन ये-जा, म्हणून स्वसंरक्षणासाठी परवाना काढला. कानपूरच्या कारखान्याची .३२ रिव्हॉल्वर (.३२ हे गोळीच्या जाडीचं माप) घेतली, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही फाइलला लागलं, पण आजवर एकही गोळी झाडलेली नाही. आता नाशिकमध्ये नवशिक्याला नीट शिकवणारा कोर्स कुठे मिळेल?

तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. माझा दिंडोरी रोडला पेट्रोल पंप आहे, परवान्याला १९ वर्षं झाली. या काळात हत्यार घेऊन कपाटात ठेवणारे पुष्कळ भेटले, ‘मला चालवता येत नाही’ असं मोकळेपणाने सांगणारे दोन-तीनच.

आधी त्या प्रमाणपत्राबद्दल. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवाना मागणाऱ्याने सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं असं आहे आणि त्याचं प्रमाणपत्र ‘एस-१’ नमुन्यात मिळतं. त्यात हत्यार हाताळणं, सोबत नेणं, गोळी झाडण्याची पद्धत, निगा आणि साठवण असं सगळं शिकवणं अपेक्षित आहे. हे सगळं मनापासून शिकायचं तर कित्येक दिवस लागतील. तुम्हाला ते अर्ध्या तासात मिळालं असेल तर दोष तुमचा नाही, पण आपण शिकलो असं मात्र समजू नका. कागद फाइलमध्ये राहू द्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

मी हे इतकं कळकळीने का सांगतोय, तर २००९ साली माझ्या घरात जे झालं त्यामुळे. तेव्हा माझ्याकडे .३२ चं पिस्तूल होतं. दिवाळीच्या आधी साफसफाई काढली, तसं तेही पुसायला घेतलं. स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली, एक काडतूस उडून गादीवर पडलं. मग मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलं, बाजूला ठेवलं. मनात म्हटलं, झालं रिकामं. क्रम चुकला होता. आधी स्लाईड ओढली तेव्हा एक काडतूस बाहेर पडलं खरं, पण स्लाईड पुढे जाताना मॅगझीनमधलं दुसरं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, बसलं. मी फडताळाकडे रोखून चाप दाबला. खोलीत तो आवाज कसा होतो ते सांगता येत नाही, कानात शिट्टी वाजत राहिली आणि बाकी सगळं बंद झालं. पहिली गोष्ट दिसली ती ज्वारीचा डबा. त्याला पुढे एक भोक, मागे एक भोक, आणि पुढच्या भोकातून ज्वारी बारीक धारेने फरशीवर पडत होती. गोळी मागच्या भिंतीत शिरली होती. त्या फडताळाखाली बसून माझी मुलगी रोज अभ्यास करायची. त्या दिवशी क्लासला जायचं म्हणून ती पाच मिनिटं आधी उठली होती.

मी त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, परवाना शाखेला लेखी खुलासा दिला. पुढचे काही महिने हत्यार घरात नव्हतं. पण माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं, म्हणून आता मूळ प्रश्नाकडे येतो.

नाशिकमध्ये लोक सगळ्यात आधी दोन नावं घेतात. देवळालीचं तोफखान्याचं केंद्र आणि त्र्यंबक रोडची महाराष्ट्र पोलीस अकादमी. दोन्ही संस्था मोठ्या आहेत, पण त्या लष्करासाठी आणि पोलिसांसाठी आहेत. ‘एक ओळखीचे साहेब आहेत, रेंजवर दहा राऊंड मारू देतील’ असं कुणी म्हटलं तर हात जोडा. परवानगी नसलेल्या ठिकाणी झाडलेल्या गोळीचा हिशेब उद्या तुम्हालाच द्यायचा आहे. मळ्यात, धरणाच्या कडेला, डोंगरात सराव करायचाही विचार करू नका. .३२ ची गोळी वर धरून सुटली तर किलोमीटरभर सहज जाते, आणि आपल्याकडे किलोमीटरच्या आत कुणाचं तरी शेत, कुणाची तरी गुरं असतातच. लग्नात वगैरे हवेत बार काढणं तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हाच आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग जायचं कुठे? माझं मत स्पष्ट आहे: आधी १० मीटरची एअर पिस्तूल रेंज. शहरात नेमबाजी शिकवणाऱ्या रेंज आहेत. शाळेतली मुलं तिथे येतात, म्हणून आपल्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला थोडं अवघडल्यासारखं होतं. ते मनावर घेऊ नका. तिथे ४.५ मिलिमीटरचे छर्रे असतात, आवाज नाही, धक्का नाही, आणि दिवसाला साठ-सत्तर छर्रे मारले तरी खिशाला झळ बसत नाही. श्वास, उभं राहणं, नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच निशाणाशी एका रेषेत धरणं, चाप ओढताना मनगट न हलवणं, हे सगळं तिथेच हातात बसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. एवढ्या उंचीवरच्या खेळाडूलाही रोजच्या सरावात हेच घोटावं लागतं. एक फरक लक्षात ठेवा. एअर पिस्तुलाचा चाप सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा असा नियम आहे, म्हणजे बोट टेकवलं की सुटतो म्हणा ना. तुमच्या रिव्हॉल्वरचा चाप, घोडा (मागचा छोटा हातोडा) आधी न चढवता ओढलात तर, त्याच्या कितीतरी पट जड लागेल. म्हणून दोन-तीन महिने एअर पिस्तूल झालं की थांबायचं नाही.

पुढची पायरी म्हणजे प्रशिक्षक. कोर्सच्या नावावर जाऊ नका, माणूस बघा. पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसून त्याचं शिकवणं बघू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर परत या. बसू दिलं तर एकच गोष्ट बघा: त्याच्या हातातल्या हत्याराची नळी कुठे फिरते. बोलण्याच्या भरात ती शिकणाऱ्याच्या पोटावरून गेली तर त्याचं बाकी ज्ञान कितीही असो, तुम्ही उठा. बोटही बघा. निशाण धरेपर्यंत ते चापाच्या कडीबाहेर, सरळ फ्रेमला लागून असलं पाहिजे. पहिल्याच दिवशी पन्नास गोळ्या मारून देतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.

मला शिकवलं ते एका निवृत्त सुभेदारांनी. पहिल्या तीन संध्याकाळी खोलीत एकही काडतूस नव्हतं. आल्याबरोबर खिसे रिकामे करायला लावायचे. टेबलावर जुनी घोंगडी, तिच्यावर रिव्हॉल्वर, आणि एकच वाक्य: ‘उघडं दे, उघडं घे.’ म्हणजे हत्यार दुसऱ्याला देताना उघडलेलं, घेतानाही उघडलेलंच. तुमची रिव्हॉल्वर बहुधा वरून उघडून मधे दुमडणारी असणार. अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली झुकते, काडतुसांचं चक्र वर येतं आणि त्याच्या मधला तारा सहाही काडतुसं उचलून धरतो. सुभेदार डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि करंगळीचं टोक सहाही घरांच्या तोंडावर दाबून मोजायला लावायचे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. टोकाला खळगा लागला तर घर रिकामं. मी आजही दिवा लागलेला असताना तसंच मोजतो, डोळ्यांनी दिसत असलं तरी. पिस्तुलाला आधी मॅगझीन, मग स्लाईड, मग चेंबरच्या तोंडाशी बोट. हा क्रम मला २००९ च्या आधी कुणी शिकवला असता तर ज्वारीचा डबा आजही धड असता.

प्रत्यक्ष गोळीचा सराव आला की सुभेदार चक्रात आम्हाला न दाखवता एक-दोन नकली काडतुसं घालायचे. चाप ओढला, बार निघाला नाही, आणि नळीने मात्र खाली मान टाकली! बार होणार या धास्तीने आपला हात गोळी सुटण्याआधीच खाली दबतो, आणि खरी गोळी असताना धक्क्यात ते कळत नाही. सगळे राऊंड निशाणाच्या काळ्या वर्तुळाच्या खाली का लागतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. प्रशिक्षक हे करून घेतो का, जरूर विचारा.

आणखी विचारा, गोळी उडाली नाही तर काय करायचं हे शिकवतो का. चाप ओढला आणि काही झालं नाही तर नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण क्वचित काडतूस उशिरा पेटतं. आणि नेहमीच्या बाराऐवजी फुसका आवाज आला तर तिथेच सगळं थांबवायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फाटते. जुन्या, दमट जागी पडून राहिलेल्या काडतुसांत हा धोका जास्त. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटंही ओलसर होतात, तेव्हा काडतुसं कोरडी ठेवा.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा याशिवाय एकही गोळी नाही. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, आणि त्या पातळीला एका बारातही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. माझा डावा कान २००९ पासून पूर्ववत झालेला नाही. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नका, शिशाची धूळ हाताला लागलेली असते.

आता खऱ्या गोळीसाठी रेंज. तुम्ही ग्रामीण भागात येता, म्हणजे तुमचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा. शहरातल्यांचा पोलीस आयुक्तालयाचा असतो. तिथल्या परवाना शाखेत लेखी अर्ज द्या की मला सरावासाठी अधिकृत रेंज हवी आहे, आणि उत्तरही लेखी घ्या. जिल्ह्याच्या रायफल संघटनेचं सभासदत्व घेणं हा दुसरा रस्ता. पुण्याला म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात आणि मुंबईत वरळीला मोठ्या रेंज आहेत, पण तिथे खेळाडूंचे आणि सभासदांचे नियम आहेत. आपली खासगी .३२ चालवू देतील असं गृहीत धरून गाडी काढू नका, आधी विचारा. आणि निघण्याआधी परवाना उघडून त्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. फक्त नाशिक जिल्हा असेल तर घाट ओलांडला की ते हत्यार बेकायदा ठरतं. काडतुसांची मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. सरावात किती वापरली त्याची वही ठेवा आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवा, नवीन काडतुसं घेताना हिशेब लागतो.

कायद्याचा एक तास प्रशिक्षकाने घेतलाच पाहिजे, नाहीतर एखाद्या वकिलाकडून घ्या. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही. रोख रकमेची पिशवी ओढून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही होणार. व्यापाऱ्यांनी हे आधी डोक्यात बसवायला हवं, कारण आपली भीती पैशाची असते आणि हात तिथेच आधी जातो. खरं सांगायचं तर रोख कमी बाळगणं आणि रस्ता रोज बदलणं यांनी मला रिव्हॉल्वरपेक्षा जास्त वाचवलंय.

घरात लोखंडी कपाट, किल्ली फक्त तुमच्याकडे, काडतुसं वेगळ्या कुलपात. वहिनींनाही रिव्हॉल्वर उघडून रिकामी आहे का ते ओळखायला शिकवा, प्रशिक्षकासमोरच. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तर वेळेत ठाण्यात जमा करा आणि पावती परवान्यासोबत ठेवा.

रेंजवर पहिल्या दिवशी जाल तेव्हा रिव्हॉल्वर घरी कुलपात राहू द्या. वही-पेन घ्या, सपाट तळव्याचे बूट घाला, आणि चाप जड लागतो म्हणून आजपासून रबरी चेंडू दाबायला लागा, दोन्ही हातांनी.