लिनक्सवर कायमचं यायला लोक का कचरतात? आळस नाही, जुन्या फायली

तुम्ही विचारलंय की लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, फुकट आहे, हलकी आहे, तरी लोक मेन कॉम्प्युटरवर विंडोजच का ठेवतात, शिकायचा आळस का? आळस हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसलोय.

माझं तालुक्याच्या गावी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल. भाचा पुण्यात आयटीत, तोही हेच म्हणायचा, मामा तुम्हाला सवय सोडवत नाही. दिवाळीला आला तेव्हा त्यानं एका मशीनवर मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं. जुनं मशीन खरंच पळायला लागलं. नेमकं तेव्हाच एका हायस्कूलच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेचं काम हातात होतं, सगळा मजकूर पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फाँटात. भाचा म्हणाला लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पेजमेकर उघडतं. उघडलं की, पण ओळी सरकल्या, एका फोटोखालची नावं दुसऱ्या फोटोखाली गेली आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगलवालं, म्हणजे कॉम्प्युटरला छोटी किल्ली जोडली तरच चालणारं, ते तिथं चालेचना. मग त्यानं सगळं यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत कन्व्हर्ट केलं. आता जुन्या फाँटात रफार अक्षरानंतर टाइप होतो, यूनिकोडमध्ये तो र अक्षराच्या आधी लागतो. कन्व्हर्टरनं तो उचलून पुढं नेलाच नाही. मुखपृष्ठावर आलं 'सुवणर् महोत्सव'. आत पानोपानी 'वषर्', 'सवर्'. हेडसरांनी प्रूफ हातात घेतलं आणि पहिल्याच पानावर पेन ठेवला. शेवटी शेजारच्या विंडोज मशीनवर मूळ फाइल उघडली तेव्हा काम वेळेत गेलं.

गिऱ्हाईक येतं ते म्हणतं, मागच्या वर्षीचाच अहवाल, फक्त आकडे बदला. प्रेसवाला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल मागतो, सीए टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप मागतो. यात माझा आळस कुठं आला? भाचा लिनक्सवर चालणाऱ्या केरळच्या शाळांचं उदाहरण देतो. अरे, तिथं सरकारनं शाळांसाठी वेगळी सिस्टीम बनवून घेतली, शिक्षकांना ट्रेनिंग दिलं. माझ्या दुकानामागं कोण उभं आहे?

हां, घरी फक्त ब्राउझर, यूट्यूब, चार पत्रं टाइप करायची असतील तर बिनधास्त लिनक्स टाका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेल्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, मग चांगला लॅपटॉप भंगारात कशाला घालायचा. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची पद्धत येत असेल तर मराठीसाठी वेगळं काही विकतही घ्यावं लागत नाही. फक्त आधी पेनड्राइव्हवरून चालवा आणि प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन असं एकेक लावून बघा, अडलं तर तिथंच कळेल.

आणि कुणी आळशी म्हणालं तर आपली सगळ्यात जुनी फाइल त्याच्या हातात द्या, रफारासकट नीट करून आणायला सांगा. नवीन काम मी आता यूनिकोडमध्येच घेतो, लिनक्सवरच्या स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट लागतात. पण जुने अहवाल परत परत येतात तोवर दुसरं मशीन विंडोजचंच राहणार, भाच्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.