वाचकांचे प्रश्न : टार्गेट आणि हरीण, दोन्हीला एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, कुठलं घेऊ?

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळचा कोल्हापूरचा, अकरा वर्षं झाली ओहायोत आहे, कोलंबसच्या जवळ. बायको इथलीच सिटिझन, त्यामुळे मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. शाळेत असताना दोन वर्षं एअर पिस्तूल मारलेलं, २०१० च्या कॉमनवेल्थनंतर आमच्या कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतचं नाव आमच्याकडे घराघरात होतं तेव्हाची गोष्ट. नंतर इंजिनिअरिंगमध्ये सगळं सुटलं. आता ऑफिसमधला मित्र दर वर्षी हरणाच्या सीझनला जातो, यंदा मलाही नेतो म्हणतोय. विचार असा की मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळीचं, एकच रिव्हॉल्व्हर घ्यावं, एरवी रेंजवर टार्गेट आणि सीझनला हरीण. दुकानदार .५०० मॅग्नम घ्या म्हणतो, मित्र .३५७ पुरे म्हणतो. काय करू?

उत्तर : .५०० घेऊ नका. आधी एवढं सांगून टाकतो, मग बाकीचं बोलू. (हे आकडे म्हणजे गोळीचा इंचातला साधारण व्यास, आणि मॅग्नम म्हणजे जादा दारूचं ताकदवान काडतूस.)

.५०० स्मिथ अँड वेसन २००३ साली आलं आणि ते अस्वलासारख्या मोठ्या जनावरांचा विचार करून केलेलं काडतूस आहे. त्याचं लांब नळीचं मॉडेल दोन किलोच्या आसपास भरतं, सिलिंडरमध्ये गोळ्या पाचच, आणि एकेका गोळीला लागणारे पैसे बघितले की माणूस रेंजवर जायचाच कमी होतो. तुमच्याकडचं व्हाइटटेल हरीण अंगाने बारीक असतं हो, त्याला एवढ्या ताकदीची काहीच गरज नाही. आणि खरा तोटा वेगळाच आहे, पहिल्या वीस-पंचवीस गोळ्यांतच गोळी सुटताना हाताला बसणाऱ्या झटक्याची भीती बसते, मग ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट खाली झुकतं आणि ही सवय एकदा लागली की ती घालवायला वर्ष जातं. एअर पिस्तूलवर तुमचा जो काही सराव झाला असेल तो असा वाया घालवू नका.

.३५७ वाईट नाही. १९३५ पासूनचं काडतूस आहे, त्याने हरीण पडतं, पण जवळून आणि गोळी अगदी जागेवर बसली तर. चुकीला जागा फार कमी उरते, आणि पहिल्या सीझनला चूक होतेच. .४१ मॅग्नम मला स्वतःला आवडतं, पण दुकानात गोळ्या सहज मिळत नाहीत. .४५४ कसुल म्हणजे परत झटक्याचंच दुखणं.

म्हणून माझं मत .४४ मॅग्नम. आयडाहोचे शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारे एल्मर कीथ वर्षानुवर्षं .४४ स्पेशलच्या काडतुसात जादा दारू भरून प्रयोग करत होते आणि कंपन्यांच्या मागे लागले होते, त्यातून १९५५ च्या शेवटाला स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने मिळून हे काडतूस आणलं. नाव .४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ इंच आहे बरं का, पुढेमागे स्वतः काडतुसं भरायला लागलात तर हे लक्षात ठेवा. नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीतून ती साधारण १२०० ते १४०० फूट प्रतिसेकंदाने निघते. हरणाला हे भरपूर झालं.

आता तुमच्या एकात दोनच्या हट्टाचं उत्तरही यातच आहे. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल चालतं. हे १९०७ सालचं काडतूस, लांबीला जरा आखूड, झटका अगदी सौम्य. पहिले पाच-सहा महिने रेंजवर फक्त तेच मारा. मॅग्नम नंतर, आणि तेही एका दिवसात बारा-पंधराच्या वर नको. स्पेशल आखूड असल्यामुळे सिलिंडरच्या भोकात पुढच्या बाजूला काजळीचं कडं धरतं, ते ब्रशने नीट काढा नाहीतर मॅग्नमचं काडतूस आत बसताना अडतं. उलटं मात्र कधीच नाही, नुसत्या .४४ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम घालायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही.

मॉडेलचं म्हणाल तर माझी पहिली पसंती रुगर सुपर रेडहॉक, साडेसात इंची नळी. दीड किलो वजन आहे, आणि हेच वजन झटका गिळतं, दुकानात हातात जड वाटलं म्हणून नाही म्हणू नका. दुर्बीण बसवायच्या रिंगांची जागा फ्रेमवरच कोरलेली असते हा दुसरा फायदा. बजेट कमी असेल तर रुगर सुपर ब्लॅकहॉक घ्या, ते सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी हॅमर अंगठ्याने मागे ओढायचा, शिकारीला काही अडत नाही कारण हरणावर आपण तसंही हॅमर ओढूनच गोळी मारतो, ट्रिगर हलका लागतो. स्मिथ अँड वेसनचं ६२९ दिसायला आणि ट्रिगरला फार सुंदर आहे, पण वजनाला हलकं, त्यामुळे झटका जास्त. सेकंडहँड सुपर ब्लॅकहॉक बघत असाल तर ते १९७३ च्या आधीचं आहे का हे विचारा. त्या जुन्यांमध्ये आतली सेफ्टीची पट्टी नव्हती, हॅमरवर आपटलं तर गोळी सुटू शकते, म्हणून त्यात पाचच गोळ्या भरतात आणि हॅमरखालचं घर रिकामं ठेवतात.

तुम्ही एअर पिस्तूलवाले म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, इथे दोन्ही हातांनी धरायचं, आणि अंगठे किंवा बोटं सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीजवळ चुकूनही न्यायची नाहीत, त्या फटीतून आगीचा झोत बाहेर पडतो आणि मॅग्नमचा झोत बोट फाडतो. दुसरं, कान. मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो आणि १४० च्या पुढे एका गोळीतही कायमचं नुकसान होऊ शकतं. रेंजवर आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. जंगलात इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, त्यात पाचोळ्यावरचं पाऊलही ऐकू येतं.

सराव कसा करायचा ते सांगतो. मित्राला म्हणा, सिलिंडरमध्ये तीन जिवंत आणि तीन झाडलेली काडतुसं मिसळून भर आणि मला सांगू नकोस. रिकाम्यावर ट्रिगर दाबला की नळीचं टोक खाली जातं का ते लगेच दिसतं, झटक्याची भीती लपत नाही. ते टोक स्थिर राहायला लागलं की पुढचं.

अंतर किती हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जागा असते वीतभर, साधारण आठ इंच, पुढच्या पायाच्या लगेच मागे. तुम्ही सहा इंची कागदी प्लेट लावा आणि आधी पंचवीस यार्डांवरून, मग चाळीस, मग पन्नास असं मागे जात राहा, टेबलावर हात टेकवून नाही तर जंगलात जसे बसाल तसे गुडघ्यावर किंवा झाडाला टेकून. ज्या अंतरावर सहाच्या सहा प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर, त्याच्या पुढे एक यार्डही नाही. उघड्या साइटवर बहुतेकांचं ते पन्नासच्या आतच येतं. दोन पटीची पिस्तुलाची दुर्बीण किंवा रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साइट) लावला तर वाढतं, पण दुर्बीण पिस्तुलाचीच हवी, रायफलची डोळ्याजवळ धरावी लागते आणि मॅग्नमच्या झटक्याने ती कपाळावर येते.

हे एवढं का सांगतोय तर माझ्या पहिल्या सीझनला मी चाळीस यार्डांचाच सराव करून गेलो होतो आणि संध्याकाळी एक मादी ऐंशीच्या आसपास उभी दिसली, दिवस संपत आलेला, शिकार काहीच मिळालेली नाही, मी मारलं. गोळी मागे पोटात लागली. आम्ही टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो, मग माग तुटला. सकाळी सापडली, ओढ्याच्या काठाला, मांस खराब झालेलं. त्या जनावराने रात्रभर जे सोसलं ते माझ्यामुळे, आणि आज इतक्या वर्षांनीही डिसेंबर आला की ते आठवतं. तुमच्याकडून तसं होऊ नये एवढीच इच्छा आहे. हरीण आडवं उभं असेल तरच मारायचं, तोंड आपल्याकडे असेल तर थांबायचं, डोक्यावर कधीच नाही. गोळी लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही, अर्धा तास जागेवर बसायचं, पाठलाग केला तर जखमी हरीण मैलभर जातं आणि शांत सोडलं तर जवळच बसतं.

ओहायोत हरणासाठी हँडगनला किमान ५ इंची नळी आणि .३५७ किंवा मोठं सरळ भिंतीचं (म्हणजे तोंडाशी निमुळतं न होणारं) काडतूस लागतं, .४४ त्यात बसतं. हंटिंग लायसन्स वेगळं, हरणाचं परमिट वेगळं, आणि पहिल्यांदा लायसन्स काढताना हंटर एज्युकेशनचा कोर्स. बंदुकीचा मुख्य आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, अंगात नारिंगी जॅकेट सक्तीचं. नियम दर वर्षी थोडे बदलतात म्हणून त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच निघा.

आणि टार्गेटची गोडी लागली तर जवळ मेटॅलिक सिल्हूएटचा, म्हणजे जनावरांच्या आकाराच्या लोखंडी टार्गेटवर नेमबाजीचा, क्लब आहे का बघा. लोखंडी कोंबड्या ५० मीटरवर, डुकरं १००, टर्की १५० आणि मेंढे २०० मीटरवर, आणि नुसतं लागून चालत नाही, खाली पडायला पाहिजे. २०० मीटरवरचा मेंढा .४४ ने आडवा झाला की त्याचा टणत्कार क्षणभर उशिरा कानावर येतो, तो आनंद कागदी टार्गेटला नाही.

प्रश्न : मी एच-वन-बीवर आहे. मित्राच्या रिव्हॉल्व्हरने रेंजवर मारलं तर चालेल का?

उत्तर : जपून. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे, आणि मित्राची बंदूक हातात घेणं हेही त्यातच मोजलं जाऊ शकतं. अपवाद आहे, तुमच्याकडे इथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर. पण ते ज्या दिवशी संपलं त्या दिवशी अपवादही संपला, आणि चूक झाली तर हा गुन्हा तुमच्या व्हिसावर आणि पुढच्या ग्रीन कार्डवर येतो. आधी कोर्स, मग लायसन्स, मग इमिग्रेशन वकिलाला एक फोन, आणि मगच रेंज. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, वय २१ पूर्ण हवं, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म आणि बॅकग्राउंड चेक होतो.

प्रश्न : कायमचं पुण्याला परतायचा विचार आहे, माझं .४४ सोबत आणता येईल का? आमचं गावाकडे शेत आहे, तिथे रानडुकरं आणि हरणं फार येतात.

उत्तर : हरणांचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि रानडुकरांचा त्रास असेल तर वनखात्याकडे अर्ज हाच रस्ता. शस्त्रासाठी १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखालचं लायसन्स आणि आयातीची परवानगी लागते, ते हातात नसताना बॅगेत घालून निघणं म्हणजे विमानतळावरून थेट पोलीस स्टेशन. अमेरिकेतच लायसन्सवाल्या डीलरला विकून टाका. आणि एक काम निघायच्या आधी नक्की करा, जी बॅग कधीही रेंजवर नेली असेल ती प्रवासाला वापरू नका, वापरायचीच असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटका. अस्तरात अडकलेलं एकच काडतूस मुंबईच्या स्कॅनरवर दिसलं तरी गुन्हा दाखल होतो.