वाचकांचे प्रश्न : जुने बोर्ड आणि शिशाचे डाग

प्रश्न : टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जुने सर्किट बोर्ड साठले आहेत. ई-कचऱ्याच्या नियमांनुसार सोल्डरमध्ये (भाग जोडायच्या मिश्रधातूत) शिसे ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको म्हणतात. अख्ख्या टीव्हीच्या वजनात ते नगण्यच ना?

उत्तर : हिशेब तिथेच चुकतो. मर्यादा अख्ख्या टीव्हीला नाही, त्यातल्या प्रत्येक एकजिनसी (सगळीकडे सारख्याच घटकांच्या) पदार्थाला आहे. सोल्डरचा डाग, म्हणजे जोड, हा स्वतंत्र पदार्थ. ६३/३७ कथील-शिशाच्या तारेत शिसे ३७ टक्के, म्हणजे मर्यादेच्या ३७० पट! पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियमलाही (क्रोमियमचे विषारी रूप) ०.१ टक्काच, कॅडमियमला मात्र ०.०१. ही अट नव्या उत्पादनासाठी आहे. १ मे २०१४ पूर्वी बाजारात आलेल्या उपकरणांच्या सुट्या भागांना सवलत मिळू शकते.

शिसेविरहित तार वापरायची तर सोल्डरिंग आयर्न जास्त तापवा : ६३/३७ तार १८३ अंशाला वितळते, कथील-चांदी-तांब्याची सुमारे २१७ ला. तापमान तेच ठेवलेत तर डाग कच्चे राहतात.

साठलेले बोर्ड नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच द्या आणि पावती घ्या. भंगारवाल्याचा भाव चढा असेल, पण तांब्यासाठी बोर्ड उघड्यावर जाळले की विषारी धूर होतो. लिथियम बॅटऱ्या आधी काढा, टोकांवर चिकटपट्टी लावा; त्यांचे नियम वेगळे आहेत.