जहरमोहऱ्यात ‘मोहर’ नाही

प्रश्न असा आहे: काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहिणाऱ्या एका लेखिकेने राजकन्येच्या गळ्यात मंतरलेला खडा घातला आहे. तो अंगावर असेतो तिला कुठलंही विष बाधत नाही. याला मराठीत काय म्हणायचं? ‘प्रतिविष’ चालेल का? कुणीतरी ‘जहरमोहरा’ सुचवला आणि ‘विषावर मारलेली मोहर’ असा अर्थ सांगितला, तो बरोबर आहे का?

‘प्रतिविष’ नको. ते घोड्याच्या रक्तापासून तयार करतात आणि साप चावल्यावर सुईने टोचतात. ‘उतारा’ही विष भिनल्यानंतरचा. ‘ताईत’ चुकीचा नाही, पण ताईत दृष्ट लागू नये म्हणूनही बांधतात आणि ताप उतरावा म्हणूनही. विषाशीच बांधलेला शब्द जहरमोहरा. तोच घ्या.

मात्र ते ‘विषावरची मोहर’ डोक्यातून काढून टाका. ही व्युत्पत्ती मी वरचेवर ऐकतो आणि दरवेळी चिडतो. ती मोहर, तो मोहरा. लिंगच वेगळं आहे, तिथेच थांबायला हवं होतं. मोहर म्हणजे फारसी ‘मुह्र’, शिक्का, आणि पुढे शिक्का उठवलेलं नाणं. मोहरा म्हणजे फारसी ‘मुह्रा’: मणी, गुळगुळीत गोटा. बुद्धिबळातला मोहरा यातलाच. जहरमोहरा म्हणजे विषावर चालणारा खडा, त्यात शिक्क्याचा काही संबंध नाही.

हाच गोंधळ तुकोबांच्या अभंगापाशी होतो तेव्हा जास्त वाईट वाटतं. ‘मोहरा होय तोचि अंगें । सूत न जळे ज्याचे संगें’ याचा अर्थ सांगताना सोन्याची मोहर काढणारे निरूपणकार आहेत. नाण्याला सूत गुंडाळून कोण पाहतं? त्याआधी ऐरणीवरचा हिरा आहे, घणाचे घाव आहेत. म्हणजे खड्यांच्या पारखीचीच गोष्ट चालली आहे. गुळगुळीत गोट्यावर सूत घट्ट गुंडाळा आणि क्षणभर ज्योतीवर धरा. उष्णता गोटा ओढून घेतो, सूत पेटण्याइतकं तापत नाही. सैल गुंडाळलंत तर जळेल. ही मोहऱ्याची परीक्षा आहे. मी आणखी पुढे जाऊन म्हणतो की तुकोबांच्या मनातला मोहरा हा विष उतरवणाराच मोहरा आहे. ‘सोसी जगाचे आघात’ हे ज्याच्याबद्दल म्हणायचं, त्याला विष पचवणाऱ्या खड्याचीच उपमा शोभते. कोशांत याला आधार दाखवा म्हणणाऱ्यांना मी अभंगच पुन्हा वाचायला सांगतो.

आता खरी मजा. जहरमोहऱ्याचं फारसीतलं दुसरं नाव ‘पादजहर’. पाद म्हणजे राखणारा. आपल्या ‘गोप’, ‘भूप’ यांतला ‘पा’ धातू तोच. आणि ‘जहर’? जुन्या इराणी ‘जन्’ धातूपासून, म्हणजे आपला ‘हन्’. मारतं ते जहर. मारणाऱ्यापासून राखणारा तो पादजहर! दोन्ही धातू आपल्या घरचे, आणि शब्द इराणातून अरबीत, तिथून पोर्तुगिजांच्या तोंडी जाऊन ‘बेझार’ झाला, इंग्रजांकडे ‘बेझोअर’. वस्तू म्हणजे रानबकऱ्याच्या पोटात थरावर थर चढून झालेला खडा.

गार्सिया द ऑर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात मात्र हा शब्द ‘पाझन’वरून, म्हणजे रानबकऱ्याच्या फारसी नावावरून, काढला. वनस्पतींच्या बाबतीत ऑर्ता म्हणेल ते मी मान खाली घालून ऐकेन, इथे नाही. खडा बकऱ्यातून निघतो म्हणून शब्दही बकऱ्यातून काढायचा? मग ‘जहर’ कुठे गेलं? त्याने टिपलेली एक गोष्ट मात्र अनमोल आहे: इथले लोक त्याला ‘बाजार’ म्हणत, जणू बाजारातला दगड. अनोळखी शब्दाला ओळखीचे कपडे चढवण्याची खोड तेव्हाही होती, ‘विषावरची मोहर’ हे तिचंच आजचं रूप.

पुढच्या शतकात गोव्यातच गास्पार आंतोनियु नावाच्या, जेझुइट या ख्रिस्ती संघातल्या धर्मबंधूने चक्क कृत्रिम खडे वळायला घेतले. माती, शिंपल्यांची पूड, कस्तुरी, राळ, वरून सोन्याचा वर्ख. ‘गोव्याचा दगड’ म्हणून ते युरोपात सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपले जात आणि खरवडून पाण्यातून किंवा चहातून घेतले जात. गुण किती? आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने त्याआधीच फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष पाजून वर बेझोअर दिला होता. सात तासांत तो तडफडून मेला.

तुमच्या कादंबरीत तो उपयोगी पडेल, तिथे आपलं काही म्हणणं नाही. फक्त ‘जवाहरमोहरा’ लिहू नका, ते हृदयासाठीचं युनानी औषध आहे. सामान्यरूप ‘जहरमोहऱ्याने’, अनेकवचन ‘जहरमोहरे’. आणि राजकन्येने तो नुसता गळ्यात मिरवण्यापेक्षा सहाणेवर उगाळून किंवा पेल्यात बुडवून प्यावा. जहरमोहऱ्याची रीत ती आहे.