आजोबांचा फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर पंचवीस वर्षं बंद आहे. सुरू होईल का? पार्ट कुठे मिळतील? खर्च किती?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे : "काका म्हणतात डिझेल इंजिन बसवू, नाहीतर भंगारात देऊ." ती वाचली आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. असा एक काका प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे ते खातं थोरल्या भावाकडे आहे.

आधी उत्तर देऊन टाकतो. सुरू होईल. डिझेल इंजिन बसवू नका. काकांना चहा द्या आणि गोठ्याची किल्ली स्वतःकडे ठेवा.

आता आमचं सांगतो. गाव कोपरगाव तालुक्यात, कॅनॉलचा भाग. १९६१ मध्ये सीलिंगचा, म्हणजे शेतजमिनीवर कमाल मर्यादा घालणारा कायदा आला आणि खासगी साखर कारखान्यांच्या हजारो एकर शेतीवर टाच आली. त्या गडबडीत एका फार्मवरचा जुना फर्ग्युसन आजोबांनी घेतला. तेव्हा आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणजे बहुतेक परदेशी. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर, फरिदाबादचा आयशर, १९५९ मध्ये निघाला. गावात त्याला कुणी फर्ग्युसन म्हणत नसे, 'फरगुसन' म्हणत. आजोबा तर 'बारका' म्हणायचे, कारण शेजारच्या मळ्यातल्या फोर्डसन ट्रॅक्टरपुढे हा खरंच वासरासारखा दिसायचा.

आमचा टीईडी, म्हणजे रॉकेलवाला. टाकीत दोन कप्पे : छोटा पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि मगच कॉक रॉकेलकडे फिरवायचा. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहतं आणि सकाळी हँडलला लगेच उचलतो. गार इंजिनात रॉकेल नीट जळत नाही. न जळलेलं पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथे, उतरतं आणि ऑइल पातळ करतं. पातळी बघायच्या कांडीवर ऑइल 'वाढलेलं' दिसलं की माणूस खूश होतो. खरं तर तेव्हा घाबरायला पाहिजे.

हे सगळं आजोबांनी आम्हा दोघा भावांना एकाच दिवशी शिकवलं होतं. १९८३ च्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर दादाकडे होता. पेट्रोल महाग, रेशनचं रॉकेल घरात. दादा कॉक फिरवायला किती वेळ थांबायचा, ते मी बांधावर बसून रोज बघत होतो. विडी पेटवायला लागतो तेवढा. पावसाच्या तोंडावर इंजिनातून ठकठक सुरू झाली. दादा म्हणाला, "म्हातारं झालंय." अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते मान्य केलं. फरगुसन गोठ्यात गेला, नवा ट्रॅक्टर कर्जावर आला आणि माझं म्हणणं कुणी विचारलंच नाही. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो.

२०१७ मध्ये मी तो बाहेर काढला. टायर जमिनीला चिकटलेले, सीटवर कोंबड्यांचा संसार, इंजिन जाम. आणि पहिल्याच दिवशी दादा आपला नवा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन हजर. म्हणे, ओढून चालू करू. जाम इंजिन असं ओढलं की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात. मी साखळी ओढून घेतली, दोन दिवस बोलणं बंद झालं.

तुम्ही काय करायचं? चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल निम्मं निम्मं ओता आणि आठ-दहा दिवस विसरून जा. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. जोर नको, नुसतं हलवायचं. आमचा बाराव्या दिवशी सुटला. 'कट्' असा बारीक आवाज आला आणि चाक वीतभर पुढे गेलं.

पण मी आधी चेंबरचा बोल्ट सोडला होता. पहिल्यांदा कपभर पाणी आलं, मग ऑइल. काळं, पण धार ताकासारखी. बोटावर घेतलं तर चिकटपणाच नाही. नाकाशी नेलं तर चौतीस वर्षांनीही रॉकेलचा वास. कांडीवर पातळी खुणेच्या वर दोन बोटं. तीन नंबरच्या कनेक्टिंगचं बेअरिंग झिजून आतलं तांबडं दिसत होतं. ते मी फडक्यात गुंडाळून दादाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "सायलेन्सरमधून पाणी गेलं असणार, म्हणून पातळी वर." पाणी गेलंच होतं, ते मी नाकारत नाही. पण वासाचं काय?

असो. पार्ट.

घाबरू नका, हा काही अनोळखी पाहुणा नाही. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनले. इंग्लंडात आजही त्याचे जवळजवळ सगळे पार्ट नवे मिळतात. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन होतं, नंतर स्टँडर्ड मोटर कंपनीचं. हेच इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीतही होतं, आणि ती गाडी पन्नाशीत मद्रासला जोडली जायची. त्यामुळे जुन्या मोटारींचं सामान ठेवणाऱ्याकडे 'फर्ग्युसन' म्हणून विचारलंत तर नाही म्हणेल, 'व्हॅनगार्ड, ८५ एमएम' म्हणा. मला मुंबईत कुर्ल्याला एका माळ्यावर अशाच प्रकारे हेड गॅस्केट मिळालं, कागदात गुंडाळलेलं, वर धुळीचा थर. व्हॉल्व्ह गाइड आणि बुश कोल्हापूरला उद्यमनगरात करून घेतले. तिथला लेथवाला नमुना हातात घेऊन मापं घेतो, ड्रॉइंग मागत नाही.

लायनर-पिस्टन मात्र इंग्लंडहून आणले, आणि त्याला कारण घडलं. यातला लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, 'ओला' असतो, बाहेरून पाण्यात, आणि खाली इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पातळ गॅस्केटवर टेकतो. हेड काढलेलं असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन लायनरला घेऊन वर येतो आणि खालची बैठक फुटते. तालुक्याच्या गावातल्या एका मिस्त्रीला मी हे दोनदा सांगितलं. मी चहाला गेलो आणि त्याने हँडल मारलं. वर म्हणतो, "पिस्टन वर-खाली होतोय का बघत होतो." झाला ना वर! सगळं पाणी चेंबरमध्ये.

माझा भाचा कोव्हेंट्रीतच एका मोटार कंपनीत आहे. त्याला कामाला लावलं. तो आधी बॅनर लेन बघून आला. कारखाना गेला, आता तिथे घरं झाली आहेत. मग पार्सल आलं. त्यावर कस्टम भरलं, डबा उघडला, आणि लायनरच्या आतल्या पुठ्ठ्यावर ठसठशीत शिक्का : मेड इन इंडिया. दादा नेमका शेजारी उभा होता. इतका हसला की सदऱ्यावर चहा सांडला. म्हणून सांगतो, जुन्या मॅसी-फर्ग्युसनचं (फर्ग्युसनचीच पुढची कंपनी) सामान निर्यात करणारे लुधियाना, राजकोटला आहेत, तिकडे आधी विचारा.

पुढचा टायर ४.००-१९. नवीन मिळायला फार हिंडावं लागलं. बुलेटचा टायर १९ इंची असतो म्हणून कुणी तो बसवा म्हणेल, नका बसवू, त्याला हे ओझं पेलत नाही. बैलगाडीचा टायरही १९ इंचीच, पण तो जाडजूड.

किल्लीने चालू होत नाही म्हणून वायरमनला बोलावू नका. यात स्टार्टर गिअरच्या दांड्यातच आहे, दांडा 'एस'कडे नेला की फिरतो. बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला दिसेल, ती चूक नाही, तो तसाच असतो. आमच्या वायरमनने चूक समजून 'दुरुस्त' केली होती. हायड्रॉलिक उचलत नसेल तर पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा, लिव्हर टाकलाय का बघा, पंप त्याच शाफ्टवर चालतो. नट-बोल्टचे पाने इंची मापाचे लागतील. आजोबांच्या वेळचा मूळ पाना सापडला तर जपा. त्यावर इंचाच्या खुणा असतात, नांगराची मापं त्यानेच घ्यायची. आमचा पाना आजीने चाळीस वर्षं नारळ फोडायला वापरला होता.

आणि तुमच्या काकांना सांगा, एडमंड हिलरी, तोच एव्हरेस्टवाला, १९५८ च्या जानेवारीत हेच ट्रॅक्टर चाकांना रणगाड्यासारखे पट्टे लावून दक्षिण ध्रुवावर घेऊन गेला. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिथे ऊस नाही."

खर्चाचं विचारू नका. माझ्या बायकोलाही खरा आकडा माहीत नाही, आणि हे उत्तर ती वाचू शकते.

आता काही गोष्टी, ज्या वर सांगायला हव्या होत्या. तुमच्या इंजिनचं ब्लॉक तडकलेलं असेल तर माझं 'सुरू होईल' हे विसरा, आधी ते तपासून घ्या. तुमचा टीईएफ म्हणजे मुळातच डिझेल असेल, तर प्लग-पेट्रोलचं वरचं काहीच लागू नाही. आणि रोज शेतीला वापरायचा असेल तर सरळ नवा घ्या, हा आता हौसेचा प्राणी आहे. रॉकेल मिळालं तरी घालू नका. मी फक्त पेट्रोलवर चालवतो, छान चालतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलटा फटका बसला तर अंगठा जातो.

आमचा खंडेनवमीला सुरू झाला. पूजा झाल्यावर दादा न बोलता सीटवर बसला, दांड्याला हात घालण्याआधी वाकून कॉक कुठे आहे ते बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी नारळाच्या शेंड्या गोळा करत होतो.

डॅशवरच्या पाटीवर नंबराच्या आधी टीई, टीईए, टीईडी की टीईएफ लिहिलंय ते पाटी पुसून बघा आणि इथे लिहा. त्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.