स्टेंट पुन्हा बंद झालाय, पॉलिसीला दहा महिने बाकी: थांबायचं का?

सांगलीच्या एका वाचकाने विचारलंय: वडील ६७ वर्षांचे, मधुमेही. दोन वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट आतून पुन्हा अरुंद झालाय, आणखी दोन नसांत ब्लॉक आहेत. डॉक्टर बायपास सांगतात, अंदाज पावणेचार लाख. स्टेंटनंतर घेतलेल्या पॉलिसीत हृदयविकाराचा प्रतीक्षाकाळ (ज्यात जुन्या आजाराचा खर्च मिळत नाही) संपायला दहा महिने आहेत. माझी पाच लाखांची एफडी आहे. तोवर थांबावं, की वडिलांची १५ लाखांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडावी?

दोन्ही नको. किती थांबता येईल हे कार्डिओलॉजिस्ट सांगतील, विमा कंपनीचं कॅलेंडर नाही. मधल्या काळात झटका आला तर तो खर्चही जुन्या आजारात धरून क्लेम नाकारला जाईल आणि ऑपरेशन घाईत, जास्त जोखमीने करावं लागेल. ‘स्वस्तात आणखी एक स्टेंट’ हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा. पण मधुमेह आणि अनेक नसांत ब्लॉक असले की बायपासकडे कल असतो, त्याला वैद्यकीय कारण आहे.

पैशांसाठी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. आता ती पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. लोक चुकतात ते इथेच: आधी भरती होतात, मग चौकशी करतात. रेशनकार्ड, आधार, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) आधी भेटा, मंजुरी घ्या. तुमचं सध्याचं रुग्णालय यादीत नसेल तर सर्जन बदलावा लागेल; त्याला घरच्यांची तयारी हवी.

तिथे जमलं नाही, तर तुमच्या पाच लाखांच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढा, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्याच रकमेवर. ज्येष्ठ नागरिक योजनेतून थोडे पैसे निघत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. खात्याला एक वर्ष झालं असेल पण दोन झाली नसतील, तर दीड टक्का कपात: २२,५०० रुपये. शिवाय दर तिमाहीचं व्याज थांबेल, ज्यावर आई-वडिलांचं घर चालतं. पर्सनल लोनचं नावही काढू नका.

पावणेचार लाखांचा अंदाज लेखी मागा आणि त्यात ऑपरेशनआधीचे दिवस धरलेत का ते विचारा. क्लोपिडोग्रेलसारखी रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी बायपासआधी साधारण पाच दिवस थांबवतात, आणि स्टेंटच्या पेशंटला तेवढे दिवस कधी कधी भरतीच ठेवतात. त्याचं खोलीभाडं वेगळं लागतं. ते वाचवायला गोळी घरीच, आपल्या मनाने बंद करू नका.