ई-ड्रमचं क्रॅश पॅड साध्या स्टँडवर फिरतंय? नट आवळू नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमळनेरच्या तुमच्या ऑर्केस्ट्रात ई-ड्रम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट, आला, त्याच्या रॅकवर (पॅड लावायच्या चौकटीवर) जागा पुरेना म्हणून क्रॅश आणि राइड, म्हणजे सिंबलच्या जागी असलेले दोन रबरी पॅड, जुन्या ॲकॉस्टिक सेटच्या स्टँडवर चढवले. आता दोन गाणी होत नाहीत तोवर क्रॅश अर्धा फिरतो, केबल रॉडला वेढा घालते आणि काठाचा आवाज येईनासा होतो. शेवटी तुम्ही विचारलंय, "विंगनट पान्याने आवळून घेऊ का?"

नका. आवळला असेल तर आधी सैल करा, मग पुढचं वाचा. मी हेच केलं होतं आणि ऐन लग्नसराईत पॅड गमावलं.

स्टँड, फेल्ट, वॉशर हे तुम्हाला सांगायला नको, इतकी वर्षं वाजवताय. फक्त एक लक्षात घ्या, साधा सिंबल स्टँड बनवलाच आहे तो सिंबल मोकळा हलावा म्हणून. काशाचा सिंबल दिवसभर फिरला तरी आवाज तोच, कारण त्याला पुढची-मागची बाजू नाही आणि वायर नाही. ई-ड्रमच्या पॅडला दोन्ही आहे. बऱ्याच पॅडमध्ये काठाचा सेन्सर पूर्ण गोलात नसतो, वाजवणाऱ्याच्या बाजूच्या पट्ट्यातच असतो. पॅड फिरलं की तो पट्टा पलीकडे जातो. मग काठ वाजत नाही आणि हाताने पकडून चोकही होत नाही, म्हणजे आवाज तोडता येत नाही. आपल्याकडचे बरेच जण ऑक्टापॅडवरून, म्हणजे रबरी खणांच्या एकसंध पाटीवरून, ई-ड्रमवर आलेत. ऑक्टापॅडचं रबर जागचं हलत नाही, त्यामुळे हा त्रास आधी कोणाच्या डोक्यातच येत नाही.

रॅकच्या आर्मवर पॅड का फिरत नव्हतं? तिथे कंपनीचा स्टॉपर असतो. रॉडवर स्क्रूने घट्ट बसतो आणि त्याचा उंचवटा पॅडच्या पोटातल्या खाचेत अडकतो, म्हणून पॅड डोलतं पण गोल फिरत नाही. पॅड काढून स्टँडवर लावताना तो स्टॉपर आर्मवरच राहतो. आपण नुसतं पॅड उचलून आणतो आणि नटाला दोष देतो.

माझी चूक अशी झाली. भुसावळजवळ हळदीचा कार्यक्रम, मे महिना, रात्री नऊलाही स्टेजचा पत्रा तापलेला. क्रॅश फिरत होता म्हणून नट पान्याने आवळला आणि खात्री म्हणून केबल इन्सुलेशन टेपने रॉडला ताणून बांधली. जराही ढील ठेवली नाही. नट आवळल्यावर पॅडला डोलता येईना, काठीचा सगळा मार स्टँडमध्ये उतरायला लागला. शेजारचा राइड न मारता मधेच वाजायचा. मी मॉड्यूलमध्ये (आवाज काढणाऱ्या डब्यात) क्रॉसटॉकची, म्हणजे एका पॅडचा मार दुसऱ्याला लागू न देण्याची, सेटिंग खालीवर करत बसलो, खरा घोटाळा डोळ्यासमोर होता. पॅड तरीही मारागणिक थोडं सरकतच होतं, आणि प्रत्येक वेळी ताणलेली केबल जॅक वाकडा ओढत होती. वरातीच्या गाण्याला आवाज गेला तो गेलाच.

सहा महिन्यांचं पॅड, वॉरंटी होती. सर्व्हिस सेंटरला कुरियरने पाठवलं. नाव घेत नाही, पण पुढचे सात आठवडे आठवले की आजही जीव जळतो. पहिले तीन आठवडे "तपासणीत आहे". मग फोन आला की बिलावर दुकानाचा शिक्का पुसट आहे, पुन्हा स्कॅन करून पाठवा. पाठवला. मग कोणी फोन उचलेना. शेवटी पॅड जसंच्या तसं परत आलं, सोबत चिठ्ठी: भौतिक नुकसान, वॉरंटीत बसत नाही. जाण्या-येण्याचं कुरियर माझ्या खिशातून. चूक माझी होती, ते मान्य. पण पॅड दुसऱ्या स्टँडवर लावायचं तर स्टॉपर वेगळा लागतो, तो सुटा मागवता येतो, हे एकाही माणसाने एकदाही सांगितलं नाही. मी तेव्हा विचारलंही होतं की पॅड फिरतं, काय करू. उत्तर मिळालं, "घट्ट बसवा." त्या सीझनभर दुसऱ्याचं पॅड भाड्याने आणून वाजवलं.

नंतर जळगावला गोलाणी मार्केटमधल्या एका ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याने पॅड उघडलं. जॅकचा टाका निघालेला, बाकी सगळं ठीक. अर्ध्या तासात सोल्डर करून दिलं. (तुमचं पॅड वॉरंटीत असेल तर उघडू नका, मी माझं सांगतोय.)

आता उपाय. पहिला आणि सर्वात चांगला म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा स्टॉपर मागवणे. रोलंड आणि यामाहाचे स्टॉपर एकमेकांच्या पॅडला बसतील असं धरून चालू नका, खाचेचा आकार वेगळा असतो. मागवण्याआधी तुमच्या स्टँडचा रॉड मोजा. हल्लीचे बहुतेक ८ मिलिमीटरचे, जुने काही ६ चे. ६ च्या रॉडवर ८ चा स्टॉपर कितीही आवळा, तो फिरणारच.

स्टॉपर मिळत नसेल तर मी केलं ते सांगतो. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून नायलॉनची रिंग करून घेतली. मधे रॉडच्या मापाचं भोक, बाजूने एक स्क्रू, आणि वर एक खुंटी जी पॅडच्या खाचेत जाते. खुंटीला खाचेत थोडी जागा हवी, चपखल नको, नाहीतर पॅड डोलणार नाही. रॉडवर स्क्रू टेकतो तिथे कानशीने बारीक सपाट केलं, आट्यांवर मात्र कानस लावू नका. तो लेथवाला नट बघून म्हणाला होता, "इतलं काबर आवळस भाऊ?" सर्व्हिस सेंटरपेक्षा त्याला जास्त कळलं.

पॅडच्या पोटात खाचच नसेल, काही स्वस्त पॅडला नसते, तर पॅडच्या खालच्या बाजूपासून स्टँडपर्यंत वेलक्रोची आखूड पट्टी बांधा, जेणेकरून पॅड थोडंसंच वळू शकेल. ही पट्टी वेगळी आणि केबल वेगळी. केबलवर ताण कधीच येऊ देऊ नका: जॅकपाशी वीतभर ढील सोडा, मग स्टँडच्या दांड्याला वेलक्रोने धरा. काटकोनी पिन असलेली केबल घ्या. केबल बांधायला टेप वापरू नका, आपल्याकडच्या ४५ अंशांत तिचा डिंक सुटतो आणि टेप सरकते.

नट हाताने, पॅड बोटाने दाबलं तर सहज झुकेल एवढाच. रॉडवरची प्लास्टिक स्लीव्ह हरवली असेल तर १२ मिलिमीटरच्या ठिबकच्या नळीचा तुकडा चालतो, खानदेशात ती कुठल्याही शेताच्या बांधावर सापडेल. ८ च्या रॉडवर किंचित सैल होते, आत टेपचा एक वेढा द्या. पॅडच्या भोकातून जाते का तेही आधी बघा. धातूचा रॉड पॅडच्या भोकाला थेट घासू देऊ नका.

जाता जाता, काठाचा आवाज पॅड सरळ असतानाही येत नसेल तर केबल मोनो आहे का बघा. दोन झोनच्या, म्हणजे मधला भाग आणि काठ वेगळा वाजणाऱ्या, पॅडला स्टीरिओ केबल लागते, गिटारची चालत नाही. यात कितीतरी जण फसलेत.

हाय-हॅटबद्दल (पायाने उघड-बंद होणाऱ्या सिंबलच्या जोडीबद्दल) तुम्ही विचारलेलं नाही, तिथलं गणित वेगळं आहे, म्हणून लिहीत नाही.

तुमचा रॉड ६ चा की ८ चा, आणि पॅडच्या पोटात खाच आहे का, तेवढं मोजून कळवा. खाच असेल तर तिची रुंदी आणि खोलीही लिहा, लेथवाल्याला द्यायचं रिंगेचं माप मी काढून देतो.